ताकद, वजन आणि भरवसा: नाशिकच्या एका झाडकटिंगवाल्याची चेनसॉ निवड

पंचवटीत राहणारे एक गृहस्थ झाडकटिंगचे ठेके घेतात. सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. त्यांच्याकडे ५८ सीसीची दोन चिनी बनावटीची मशीनं होती. त्यातलं एक जाम होऊन पडलेलं, आणि दुसरं सकाळी एका झटक्यात सुरू व्हायचं, पण तापलं की दोरी ओढून ओढून खांदा उतरायची वेळ यायची. एप्रिल लागला होता आणि पावसाळ्याआधी दोन मोठी कामं अंगावर होती. आप्पांनी मनाशी पक्कं केलं होतं की आता जे घ्यायचं ते बाजारातलं सगळ्यात दांडगं, नव्वद सीसीचं. फवारणी पंप, ब्रश कटर, चेनसॉ अशा टू-स्ट्रोक इंजिनांची दुरुस्ती हा माझा धंदा. आप्पा आले ते सल्ला मागायला नव्हे, तर ‘नव्वद सीसीत कोणतं चांगलं’ एवढंच विचारायला.

“दादा, ताकद कमी पडते. नीलगिरीत मशीन बसतंच,” ते म्हणाले.

“आप्पा, मशीन बसतंय की चेन नुसती घासतेय?”

यावर ते हसले, पण भुसा कसा पडतो हे त्यांना सांगता येईना. तिथूनच हे प्रकरण सुरू झालं.

काम नेमकं काय होतं

मशीनची तुलना करायच्या आधी कामाची यादी मागितली. पहिलं काम कॉलेज रोडकडच्या एका सोसायटीतलं. कंपाउंडच्या आत वाढलेले पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर, फांद्या गच्चीवर आणि विजेच्या तारांवर आलेल्या. शहरातल्या झाडाला हात लावायचा तर १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते, आणि ती सोसायटीने काढलेली होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. त्यामुळे मोठा बुंधा दिसला की आधी कागद पाहायचा, मग मशीन काढायचं, ही सवय आप्पांना होती. ही गोष्ट त्यांच्या बाजूची.

दुसरं काम दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेच्या बांधावरचं. वारा अडवायला लावलेली नीलगिरी आणि सुबाभूळ आता बागेवर सावली धरू लागली होती. बुंधे साधारण चौदा ते अठरा इंची, एखादं वीसच्या वर. ग्रामीण भागात साग, आंबा, चिंच, मोह अशा अनुसूचीतल्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो. इथे तशी झाडं नव्हती.

तिसरं काम यादीत नव्हतं, पण वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा त्याचा होता. वळवाच्या वादळात आणि जूनच्या पहिल्या पावसात उन्मळून पडलेली झाडं. हे फोन रात्री येतात, रस्ता अडलेला असतो, आणि मशीन त्या क्षणी सुरू व्हावंच लागतं. माझ्या मते सगळ्या निवडीत या तिसऱ्या कामाला सर्वांत जास्त वजन द्यायला हवं होतं. आप्पांच्या हिशेबात मात्र ते कुठेच नव्हतं.

जुन्या मशीनांनी काय सांगितलं

जाम झालेलं मशीन उघडलं. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, अगदी कानस फिरवल्यासारखे, आणि रिंग खाचेत चिकटून बसलेली. तेल कमी पडून तापलं की पिस्टनची हीच दशा होते. विचारलं, “पेट्रोलमध्ये ऑईल किती टाकता?” त्यांच्या हाताखालच्या पोराने दाखवलं: एका लिटरला टोपणभर, म्हणजे साधारण २० मिली. हे माप त्याने टू-स्ट्रोक ऑईलच्या एका डब्यावर वाचलं होतं, ५० ला १. ते चुकीचं नव्हतं, पण या मशीनसाठी नव्हतं. स्टील (Stihl), हुस्कवर्ना या कंपन्यांची मशीनं त्यांनी सांगितलेल्या ऑईलवर ५० ला १ वर चालतात. बहुतेक स्वस्त चिनी मशीनांना २५ ला १ लागतं, म्हणजे लिटरला ४० मिली. म्हणजे ते मशीन निम्म्या तेलावर भर उन्हात नीलगिरी कापत होतं.

दुसऱ्या मशीनची पेट्रोलची नळी कडक होऊन टाकीपाशी चिरली होती. थंड असताना चालून जायचं. तापलं की चीर उघडायची, हवा ओढली जायची आणि मिश्रण पातळ व्हायचं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. नळी शंभर-दीडशेच्या आतली, आणि तिच्यापायी आप्पांनी स्टार्टरची दोरी, प्लग आणि एकदा कॉइलही बदलून झाली होती.

पण खरी गंमत चेनमध्ये होती. चेन ०.३२५ पिचची (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर, इंचात). तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. आप्पांचा माणूस चार मिलिमीटरची वापरत होता, कारण दुकानात तीच मिळाली. उजवीकडचे दात घासून घासून आखूड झालेले, डावीकडचे लांब. म्हणून काप सरळ न जाता एका बाजूला वळायचा आणि बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, लाकडात अडकायचा. ‘मशीन बसतं’ असं ते म्हणायचे ते हेच. शिवाय प्रत्येक दातापुढे जो ठेंगणा उंचवटा असतो, दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवणारा, त्याला कधीच कानस लागली नव्हती. दाताची धार त्याच्या साधारण ०.६५ मिलिमीटर वर असायला हवी. इथे दात झिजत खाली आला आणि उंचवटा तिथेच राहिला, म्हणजे दात लाकडाला नुसता गुदगुल्या करत होता. भुशाची चिमूट हातात घेतली तर ती पिठासारखी. चेनला धार असली की भुसा नाही, छिलका पडतो.

एकाच ओंडक्यावर

दिंडोरीच्या बांधावर आधीच पाडलेल्या नीलगिरीचा सोळा इंची ओंडका दोन लाकडांवर टेकवून घेतला आणि त्यावर सगळी मशीनं चालवली. आप्पांचं ५८ सीसीचं, जुन्या चेनसकट. तेच, नीट धार लावलेल्या चेनवर. तेच, २२ इंचाऐवजी १८ इंचाचा बार लावून. ओळखीच्या एका ठेकेदाराकडून आणलेलं ५० सीसीचं व्यावसायिक मशीन, आणि एक ७० सीसी गटातलं. चेनला धार एकाच माणसाने लावली आणि मशीन धरणाराही एकच होता. त्याशिवाय अशा तुलनेला अर्थ नाही, कारण दोन माणसांच्या हातात एकच मशीन दोन तऱ्हांनी कापतं.

सगळ्यात मोठा फरक पडला पहिल्या आणि दुसऱ्या कापात, म्हणजे मशीन तेच ठेवून फक्त चेन नीट केल्यावर. काप घ्यायला लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. बार आखूड केल्यावर तो अजून थोडा उतरला. त्यानंतर ५० सीसीचं व्यावसायिक मशीन आलं आणि त्याने ५८ सीसीला मागे टाकलं. आप्पांच्या माणसांना हे पटेना, कारण आकडा लहान होता. ७० सीसीचं अर्थातच सगळ्यांच्या पुढे गेलं. पण सोळा इंचात त्याचा फायदा इतका मोठा नव्हता की दिवसभर ते वजन हातात धरावं.

सीसी म्हणजे ताकद नव्हे, हे कागदावरही दिसतं. स्टीलच्या एमएस २६१ मध्ये ५०.२ सीसीतून ३ किलोवॅट निघतात आणि वजन ४.९ किलो. हुस्कवर्नाच्या ५५० एक्सपी मार्क २ मध्ये ५०.१ सीसी, तेच ३ किलोवॅट, वजन ५.३ किलो. ५८ सीसीची स्वस्त मशीनं सव्वादोन ते अडीच किलोवॅटच्या आसपास सांगतात, मग डब्यावर एचपीचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. सिलिंडरमधल्या वाटा कशा कापल्या आहेत, इंजिन किती फेऱ्यांना ताकद देतं, क्रँकची बैठक किती पक्की आहे, यावर ते ठरतं. शेतकरी-घरगुती गटातलं एमएस २५० घेतलं तर ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, ४.६ किलो. म्हणजे व्यावसायिक मशीनपेक्षा वजन फक्त ३०० ग्रॅमने कमी, आणि ताकद जवळपास पाऊण किलोवॅटने. किंमत मात्र कमी, म्हणून अधूनमधून काप घेणाऱ्या शेतकऱ्याला ते ठीकच आहे.

वरच्या गटात एमएस ३८२ आहे, ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट, ६.२ किलो. तेवढ्याच सीसीचं एमएस ४६२ ४.४ किलोवॅट देतं आणि वजन ६ किलो. हुस्कवर्नाचं ५७२ एक्सपी ७०.६ सीसी, ४.३ किलोवॅट, ६.६ किलो. आणि आप्पांच्या मनातलं नव्वद सीसी म्हणजे एमएस ६६१ सारखं: ९१.१ सीसी, ५.४ किलोवॅट, ७.४ किलो.

वजन कुठलं मोजायचं

कॅटलॉगमधलं वजन बार, चेन, पेट्रोल आणि चेन ऑईल सोडून असतं. ४.९ किलोच्या मशीनला १६ इंची बार-चेन आणि भरलेल्या टाक्या लावल्या की हातात साडेसहा किलोच्या आसपास येतं. ७.४ किलोच्या मशीनला मोठा बार लावून टाकी भरली की दहा किलोच्या पुढे. जमिनीवर ओंडका कापताना ते चालतं, बराचसा भार ओंडकाच घेतो. पण पडलेल्या झाडाच्या फांद्या छाटताना मशीन सारखं उचलायचं, फिरवायचं, आडवं धरायचं असतं, आणि आप्पांच्या कामात तेच जास्त. दुपारी दमलेल्या हातातलं जड मशीन किती धोक्याचं असतं ते इथे कुणाला वेगळं सांगायला नको. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, आणि हात थकले की ती उसळी आवरत नाही.

कॅटलॉगमध्ये आणखी एक आकडा असतो, ज्याकडे कुणी बघत नाही: हातांना बसणाऱ्या हादऱ्यांचा, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. युरोपात दिवसभराच्या हिशेबाने २.५ च्या वर गेलं की उपाय करायचे आणि ५ ही कमाल मर्यादा, असा नियम आहे. आप्पांचा जुना माणूस थंडीत बोटं पांढरी पडून बधिर होतात असं सांगत होता. व्यावसायिक मशीनची मूठ इंजिनापासून स्प्रिंगांनी वेगळी केलेली असते. हा फरक कागदावर वाचण्यापेक्षा हातात घेऊन कळतो.

लांब बारचा हट्ट हा तर आमच्या धंद्यातला मोठा गैरसमज. बार १६ इंची असला तरी दोन्ही बाजूंनी काप घेऊन त्याहून बऱ्याच जाड बुंध्याला पुरतो. लांब बार लावला की चेन लांब होते, दात वाढतात, आणि तेच इंजिन जास्त ओझं ओढतं. २२ इंची बार दुकानात शोभून दिसतो, एवढंच.

आता नाशिकची हवा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. उंचीमुळे आणि उष्म्यामुळे हवा विरळ होते आणि मुद्दाम काही न करता इंजिनाची ताकद आठवा हिस्सा तरी उतरते. ३ किलोवॅटचे साधारण २.६ हातात येतात. हे सगळ्यांनाच लागू, म्हणून तुलना बदलत नाही. पण ज्या मशीनकडे आधीच जेमतेम ताकद आहे, ते उन्हात लवकर हात टेकतं. शिवाय हाताने जुळवायचा कार्बोरेटर असेल तर हिवाळ्यात जुळवलेलं मिश्रण उन्हाळ्यात जाड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त.

भरवसा कशावर ठरला

ताकद आणि वजन कॅटलॉगमध्ये मिळतं, भरवसा मिळत नाही. त्यासाठी मी आप्पांना दोन कामं दिली.

पहिलं: ज्या दुकानातून मशीन घ्यायचं, तिथे मशीन न मागता आधी सुटे भाग मागायचे. चेन, स्प्रॉकेट, एअर फिल्टर, पेट्रोलची नळी, कार्बोरेटरच्या पडद्यांचा किट, स्टार्टरचे कुत्रे (दोरी ओढल्यावर इंजिनाला पकडणाऱ्या खिट्ट्या), ऑईल पंप. काउंटरवर जे आत्ता मिळतं ते लिहून आणायचं. “दोन दिवसांत मागवून देतो” हे उत्तर जूनमध्ये चालत नाही. ही यादी घेऊन ते शहरात फिरले आणि एका झटक्यात अर्धे पर्याय गळाले. काही मशीनं चांगली होती, पण भाग मुंबईहून यायचे.

दुसरं: पेट्रोलचा विचार. आता पंपावर येतं ते २० टक्के इथेनॉलचं, ई-२०. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, रबरी नळ्या आणि पडदे लवकर कडक करतं, आणि मिश्रण पातळ करतं. स्टीलच्या माहितीपुस्तिकेत हाताने जुळवायच्या कार्बोरेटरला १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नको असं लिहिलेलं आहे, आणि त्यांच्या एम-ट्रॉनिक या इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरला २७ टक्क्यांपर्यंत चालतं. हुस्कवर्नाही १० टक्क्यांपर्यंतच सांगते. म्हणजे आपल्या पंपावरचं पेट्रोल बहुतेक मशीनांच्या पुस्तकाबाहेरचं आहे. काहीजण पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल खाली बसवतात आणि वरचं काढून घेतात. हा उद्योग मी कुणाला सांगत नाही. इथेनॉल गेलं की ऑक्टेनही उतरतं, आणि टू-स्ट्रोकला ते महाग पडतं. त्यापेक्षा लागेल तेवढंच मिश्रण करायचं, आठवड्याच्या पुढे ठेवायचं नाही, आणि मशीन काही दिवस उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून ते बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. जूनच्या रात्री मशीन सुरू न होण्याचं कारण बहुधा मेमध्ये टाकीत राहिलेलं पेट्रोल असतं.

इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरचा एक तोटाही सांगायला हवा. त्याला स्क्रू नसतो. गल्लीतला मेकॅनिक, म्हणजे माझ्यासारखाच, स्क्रूड्रायव्हर घेऊन काही करू शकत नाही. बिघडलं तर सर्व्हिस सेंटरचं तपासणी यंत्रच लागतं. माझ्या पोटावर पाय येतो म्हणून नव्हे, पण दिंडोरी-पेठ पट्ट्यात काम करणाऱ्याने हा हिशेब धरावाच.

काय घेतलं

नव्वद सीसी रद्द झालं. आप्पांनी ५० सीसी गटातलं एक व्यावसायिक मशीन घेतलं, १६ इंची बार आणि दोन जादा चेनसकट. कोणत्या कंपनीचं, ते शेवटी घराजवळच्या सर्व्हिसने ठरवलं, आणि माझ्या मते तसंच ठरवायला हवं. जुनं ५८ सीसी नवी नळी, योग्य कानस आणि लिटरला ४० मिली ऑईलवर पुन्हा उभं राहिलं. त्याच्या टाकीजवळ रंगाने मोठ्या अक्षरात ‘२५:१’ लिहिलं, आणि दोन मशीनांच्या पेट्रोलचे कॅन वेगवेगळ्या रंगांचे केले. मोठा बुंधा आला तर ७० सीसीचं भाड्याने आणायचं.

या जुन्या मशीनचा उपयोग सोसायटीच्या कामात सगळ्यात जास्त झाला, जे मला अपेक्षित नव्हतं. शहरातल्या झाडांच्या बुंध्यात काय नसतं? फलकांचे खिळे, दिवाळीच्या माळांची तार, कुठे कपडे वाळवायच्या दोरीचा हूक. अशा बुंध्याला नवी चेन लावणं म्हणजे पैसे जाळणं. खालचे तीन-चार फूट जुन्या मशीनने जुन्या चेनवर, वरचं नव्या मशीनने, अशी विभागणी पोरांनीच केली. विजेच्या तारांवरच्या फांद्या महावितरणने लाईन बंद केल्याचं फोनवर पक्कं झाल्याशिवाय तोडल्या नाहीत.

हेल्मेट, जाळीचा चेहरा-पडदा आणि कानांवरची कव्हरं मशीनच्या बिलातच घेतली. चेन अडवणारी खास पॅंट मात्र पोरं उन्हात घालायला तयार होत नाहीत. “आप्पा, उकडून मरू,” हे उत्तर ठरलेलं. चपलांऐवजी बूट इतपत सुधारणा झाली. मी यावर समाधानी नाही.

धार लावायचं काम आता एकाच पोराकडे आहे, कानस त्याच्या खिशात असते. टाकी भरली की चार-पाच फटके प्रत्येक दाताला, दोन्ही बाजूंना सारखे, आणि अधूनमधून उंचवट्याला मापाने चपटी कानस.

एक गोष्ट अजून अडकली आहे. झाडावर चढून फांद्या छाटायला वरच्या मुठीचं छोटं मशीन घ्यावं, अशी चढणाऱ्या पोराची मागणी आहे. सव्वातीन-साडेतीन किलोचं, दीड किलोवॅटच्या आसपासचं, हुस्कवर्ना टी४३५ किंवा स्टील एमएस १९४ टी या जातीचं. मशीन उत्तम, पण ते एका हाताने चालवायचा मोह होतो, आणि दुसऱ्या हाताने माणसाने फांदी धरलेली असते. ते दोर आणि पट्टा बांधून, दोन्ही हात मशीनवर ठेवून काम करणाऱ्यासाठी बनवलेलं आहे. पोरगा आज कमरेला साधा दोर गुंडाळून चढतो. आप्पांचं म्हणणं, मशीन आधी आणू, पट्टा नंतर बघू. मी पट्ट्याचं आणि शिकण्याचं बिल आधी मागितलं आहे, आणि ते अजून आलेलं नाही.